पीएफ आणि पेन्शन काढताना या चुका टाळा

“मना पैसा कवय भेटतीन?” जळगाव एमआयडीसीतल्या डाळमिलमध्ये हिशेब लिहायचो तेव्हापासून हा प्रश्न ऐकतोय. विचारणाऱ्याच्या डोक्यात एकच आकडा असतो, वय अठ्ठावन्न. पण पगारातून कापलेला पैसा दोन डब्यांत जातो आणि त्यांची झाकणं वेगवेगळ्या वेळी उघडतात.

वयाची 55 वर्षं पूर्ण करून निवृत्त झालात, की पीएफ सगळा काढता येतो. त्याला फॉर्म 19. पेन्शन 58 ला, तीही किमान 10 वर्षं सेवा असेल तर. तिला फॉर्म 10-डी. फॉर्म 19 भरून ‘सगळं झालं’ म्हणत गावी गेलेले आणि दोन वर्षांनी पेन्शनची चौकशी करायला आलेले मी पाहिलेत.

मधली नोकरी सुटली की काही जण फॉर्म 10-सी भरून पेन्शनचेही पैसे उचलतात. तेवढी वर्षं सेवेतून गेली. पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, घेतलं असतं, तर पुढच्या नोकरीत ती जोडली गेली असती. चोपड्याच्या एका गड्याची सहा वर्षं अशीच गेली. मुलीच्या लग्नाचा खर्च होता, त्याला काय बोलणार!

पेन्शन पन्नाशीपासूनही सुरू होते, पण 58 ला जितकी वर्षं कमी, तितक्यांदा 4 टक्के कपात, आणि ती जन्मभराची. उलट 60 पर्यंत थांबलात तर वर्षाला 4 टक्के वाढ. घरात दुसरी कमाई असेल तर थांबा, असं मी सांगतो.

58 नंतरही मालकाने कामावर ठेवलं, तरी पेन्शन अडत नाही, अर्ज करा. आणि पीएफचं पासबुक बघा. थांबण्याचा पर्याय लेखी दिलेला नसताना पेन्शनच्या रकान्यात पैसे पडतच असतील, तर कारकुनाला लगेच सांगा, नाहीतर दावा अडकतो.

सर्वांत जास्त दावे मात्र जन्मतारखेवर परत येतात. मागे एका आप्पांना विचारलं, तर म्हणाले, “माय सांगे, कानबाईना रोट व्हतात तवय.” म्हणजे श्रावण. गुरुजींनी शाळेत 1 जून लावली, आधारवाल्याने नुसतं साल ऐकून 1 जानेवारी टाकली आणि कंपनीच्या रजिस्टरात तिसरीच. पाच महिने फरक म्हणजे पेन्शनही पाच महिने मागेपुढे. शाळा सोडल्याचा दाखला काढा, आधार त्याप्रमाणे करून घ्या, मग मालकाच्या सहीने जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे दोघांनी मिळून करायचा दुरुस्तीचा अर्ज. हे नोकरीत असतानाच उरका. गिरणी बंद पडल्यावर सहीसाठी माणूस शोधत फिरावं लागतं. आणि दाखल्यासाठी मे महिन्यात जाऊ नका, हेडमास्तर भेटत नाहीत.