पाकिटावरचा नंबर

बॅलिस्टिक्सला, म्हणजे बंदुका-गोळ्या तपासणाऱ्या विभागात, नवीन आलेला प्रत्येक जण आधी कंपॅरिझन मायक्रोस्कोपकडे, दोन गोळ्या शेजारी ठेवून बघायच्या सूक्ष्मदर्शकाकडे, धावतो. मीही धावलो. लँड-ग्रूव्ह (बॅरलच्या आतले उंचवटे-खाचा आणि त्यांच्या गोळीवर उमटलेल्या रेघा), पुंगळीवरची पिनची खूण, सगळं हळूहळू येतं, त्याचं टेन्शन घेऊ नका. माझी फजिती झाली ती पाकिटावर नंबर लिहिताना.

ट्रेनिंगचा चौथा महिना. टेबलावर एकाच बनावटीची दोन रिव्हॉल्व्हर. एकातून पाण्याच्या टाकीत गोळ्या झाडल्या, काढल्या, पुसल्या, पाकिटात घातल्या आणि हत्याराचा नंबर उतरवला फॉरवर्डिंग लेटरवरून, म्हणजे मुद्देमालासोबत आलेल्या पत्रावरून. लेटर दुसऱ्या रिव्हॉल्व्हरचं होतं. मॅडमनी सील करण्याआधी पाकीट आणि हत्यार शेजारी ठेवून बघितलं, म्हणून वाचलो. त्या ओरडल्या नाहीत. अमेरिकेचे सिनेटर रॉबर्ट केनेडी यांच्या खुनाच्या केसची फाईल पुढ्यात टाकली.

5 जून 1968, लॉस एंजेलिसचं अँबॅसॅडर हॉटेल. केनेडींवर गोळ्या झाडणाऱ्या सिरहान सिरहानच्या हातात आठ गोळ्यांचं .22 इव्हर जॉन्सन, नंबर एच-53725. खटल्यात दाखल झालेल्या चाचणी गोळ्यांच्या पाकिटावर मात्र एच-18602! मूळ हत्यार ग्रँड ज्युरीच्या (खटला चालवायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) ताब्यात असल्याने पोलिसांनी इतर चाचण्यांना वापरलेलं ते दुसरंच रिव्हॉल्व्हर. पोलिसांचे तज्ज्ञ वुल्फर म्हणाले, लिहिण्यातली चूक. असेलही. पण ते दुसरं रिव्हॉल्व्हर पुढे नष्ट केलं गेलं, पडताळणार कशाशी? त्यात शवविच्छेदन करणारे नोगुची सांगत होते की कानामागची गोळी इंचभर अंतरावरून आली, आणि साक्षीदार म्हणत होते सिरहान समोर, काही फुटांवर होता. मग दुसऱ्या बंदुकीची कुजबुज थांबते होय!

1975 मध्ये सात तज्ज्ञ बसले, त्याच हत्यारातून पुन्हा गोळ्या झाडल्या. मऊ शिशाची गोळी, बॅरलमध्ये साचलेलं शिसं. रेघा धड जुळेनात. केनेडी आणि दोन जखमींच्या शरीरातल्या गोळ्या याच हत्यारातल्या, असं ठामपणे म्हणता आलं नाही. दुसऱ्या बंदुकीचा पुरावाही सापडला नाही.

तेव्हा नंबर हत्यारावरूनच वाचायचा, भिंग घेऊन, मोठ्याने. लेटरवरून नाही, मोबाइलमधल्या फोटोवरून नाही, शेजारचा सांगतो म्हणून तर अजिबात नाही. टेबलावर एका वेळी एकच मुद्देमाल. पहिल्याचं पाकीट सील झाल्याशिवाय दुसऱ्याचं सील तोडायचं नाही. ‘लेबलं आधीच लिहून ठेव, वेळ वाचतो’ म्हणणारे सिनिअर भेटतील. त्यांच्यासोबत चहा प्या, काम शिकू नका.

आणि चूक झालीच तर घाबरून पाकीट फाडू नका, व्हाइटनर तर नकोच. एक रेघ, बरोबर नंबर, तारीख, सही. मॅडमनी माझ्याकडून तेच करून घेतलं. सही करताना हात इतका थरथरला की ती मला माझी वाटतच नाही.