रस्त्याकडेला झाड लावताय? आधी खाली बघा

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर जुने वड राखून फुटपाथ रुंद केले. आपल्या रस्त्यावरही जमेल. आधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या, खालून पाइप-केबल कुठून जातात तेही विचारा.

खड्डा मीटरभर लांब, रुंद, खोल. तो कर्बलगत, म्हणजे फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेला घ्या; चालायला किमान १.८ मीटर सलग उरलं पाहिजे. तारांखाली ताम्हण किंवा बहावा, मोकळ्यावर कडुनिंब, करंज. गुलमोहर मी टाळतो, वादळात फांद्या मोडतात. रोप पुरुषभर उंच घ्या. वीतभर रोप शेळ्या आणि स्कूटरवाले, दोघंही ठेवत नाहीत.

बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी हवीच. पेव्हर ब्लॉक खोडाला भिडवले की पाणी मुरणार कुठून? आणि खोड जाड झालं की ट्री गार्ड काढा, नाहीतर तार सालीत रुतते.