नव्या कन्सोलवर कॉलेज फुटबॉल: या चुका टाळा

खेळाडू किक मारतो, चेंडू खांबाबाहेर जातो आणि शिव्या गेमला बसतात. अनेकदा दोष टीव्हीचा असतो. ईए स्पोर्ट्सच्या ‘कॉलेज फुटबॉल २५’ आणि ‘कॉलेज फुटबॉल २६’ या दोन्ही अमेरिकन फुटबॉलच्या गेममध्ये किकची ताकद आणि अचूकता योग्य क्षणी बटण दाबून ठरते. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करत बसला तर किकची ताकद दाखवणारा मीटर पडद्यावर उशिरा दिसतो आणि बोट बरोबर पडूनही किक चुकते. टीव्हीत गेम मोड चालू करा, हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद ठेवा. कन्सोलच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये एएलएलएम (चित्राचा उशीर आपोआप कमी करणारी सोय) सुरू असेल आणि टीव्हीला ते चालत असेल, तर गेम मोड आपोआप लागतो. मध्ये साउंडबार किंवा एव्ही रिसीव्हर जोडला असेल तर एकदा केबल थेट टीव्हीला लावून फरक बघा. १२० हर्ट्झच्या मागे लागू नका, हे गेम सेकंदाला ६० फ्रेम्सचे आहेत.

पासिंगमध्येही हीच गंमत. मीटर असलेल्या पद्धतीत बटण थोडा वेळ दाबलं की लॉब म्हणजे उंच, हळू पास, जास्त वेळ धरलं की जोरकस पास. पण मर्यादेपलीकडे धरलं तर अचूकता घसरते. नवखे लोक प्रत्येक पास जोरात फेकायला जातात आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात देतात. मीटर जमत नसेल तर सेटिंगमधून क्लासिक पासिंग निवडा, त्यात कमीपणा काही नाही.

ईएच्याच ‘मॅडन’ या एनएफएलच्या (अमेरिकेच्या व्यावसायिक लीगच्या) गेमची सवय असलेल्यांची सर्वात महागडी चूक मैदानाच्या रुंदीत आहे. मैदान १६० फूट रुंद आहे. चेंडू कुठून सुरू करायचा ते ठरवणाऱ्या खुणांच्या दोन रांगा म्हणजे हॅशमार्क. कॉलेजमध्ये त्यांच्यातलं अंतर ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणजे चेंडू डाव्या हॅशवर असेल तर डावीकडे ६० फूट आणि उजवीकडे तब्बल १०० फूट जागा उरते. त्या रुंद बाजूला आउट रूटवर (खेळाडू धावत जाऊन बाजूरेषेकडे वळतो तो मार्ग) पास फेकला की चेंडू हवेत फार वेळ राहतो, बाजूचा बचावपटू म्हणजे कॉर्नरबॅक धावत येऊन तो उचलतो. असे पास अरुंद बाजूला ठेवा. रुंद बाजूला धावणं, स्क्रीन पास (अडवणाऱ्यांच्या आडून दिलेला छोटा पास), ऑप्शन (चेंडू कोणी न्यायचा हे धावताना ठरवायचा डाव) चालवा, मोकळ्या जागेचा फायदा तिथे मिळतो.

रीड ऑप्शनमध्ये चेंडू स्वतः न्यायचा की धावणाऱ्या रनिंग बॅकच्या हातात द्यायचा (हँडऑफ), हे क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू ठरवतो. ज्या बचावपटूवर ‘आर’ खूण आहे, त्याच्याकडेच बघा. तो रनिंग बॅकच्या दिशेने आत घुसला तर चेंडू क्वार्टरबॅककडेच ठेवा, तो बाहेरच थांबला तर हँडऑफ द्या. हँडऑफसाठी पीएस५ वर एक्स आणि एक्सबॉक्सवर ए दाबून धरायचं. काहीच दाबलं नाही तर चेंडू क्वार्टरबॅककडे राहतो, आणि ‘गेमने हँडऑफ दिलाच नाही’ ही तक्रार इथूनच निघते. पिच म्हणजे बाजूला टाकलेला चेंडू एल१ किंवा एलबीने, पण टॅकल अंगावर आल्यावर दिलेली पिच म्हणजे चेंडू हातून सुटण्याला (फंबलला) आमंत्रण.

प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळताना पास झेलणाऱ्या रिसीव्हरच्या बटणांऐवजी प्रश्नचिन्हं दिसली, डावाच्या रेषा वेड्यावाकड्या झाल्या किंवा पडदा हलला, तर कन्सोल दुरुस्तीला नेऊ नका. प्रेक्षकांच्या गोंगाटाचा तो परिणाम आहे आणि कम्पोझर (दबावात शांत राहण्याची क्षमता) कमी असलेल्या खेळाडूंवर तो जास्त होतो. अशा सामन्यात ऑडिबल (रांगेत उभं राहिल्यावर डाव बदलणं) कमी वापरा, डाव आधीच हडलमध्ये म्हणजे घोळक्यात ठरवा आणि चेंडू ताब्यात असलेल्या पहिल्या काही ड्राइव्हमध्ये धावण्यावर भर द्या.

आता कन्सोलबद्दल थोडं. दोन्ही गेम पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स, एस यांवरच चालतात. २०१३ चा ‘एनसीएए फुटबॉल १४’ स्वस्तात मिळाला म्हणून त्याची डिस्क घेऊ नका, ती या कन्सोलवर चालणार नाही. सिरीज एस किंवा पीएस५ प्रो घेत असाल तर त्यात डिस्क ड्राइव्ह येत नाही, हेही आधीच लक्षात असू द्या. जागा संपल्यावर लोक गेम यूएसबी ड्राइव्हवर हलवतात. तिथे तो साठवता येतो, तिथून चालवता मात्र येत नाही. पीएस५ मध्ये एम.२ एसएसडी (आत बसवायचा जादा साठा) बसवायचा असेल तर तो पीसीआयई जेन ४ चा, हीटसिंकसकट (उष्णता बाहेर टाकणारी पट्टी) ११.२५ मिमीपेक्षा जाड नसलेला घ्या.

खरा घात होतो सेव्ह फाइलचा. पीएस५ गेमची सेव्ह फाइल यूएसबीवर कॉपी होत नाही, क्लाउडसाठी पीएस प्लस हे सशुल्क सदस्यत्व लागतं. जुना पीएस५ विकण्याआधी दोन्ही कन्सोल एकाच नेटवर्कवर ठेवून डेटा ट्रान्सफर करा, नव्यावर डायनॅस्टी (गेममधली तुमची अनेक हंगामांची कारकीर्द) उघडून बघा आणि मगच जुना रीसेट करा.

गेम अडकत असेल तर आधी पूर्ण बंद करून उघडा, रेस्ट मोडमधून उठवलेला गेम ऑनलाइन जोडणी अनेकदा गमावतो. तरीही अडकलाच तर पीएस५ बंद असताना पॉवर बटण दुसरी बीप ऐकू येईपर्यंत धरून सेफ मोडमध्ये जा आणि कॅशे साफ करून डेटाबेस पुन्हा बांधा. यात गेम किंवा सेव्ह पुसले जात नाहीत.

शेवटचं, ओव्हरटाइम. दुसऱ्या ओव्हरटाइमपासून टचडाउननंतर दोन गुणांचाच प्रयत्न करावा लागतो, तिसऱ्यापासून तर फक्त तेच प्रयत्न आलटून पालटून होतात. तीन यार्डांवरून चालणारे दोन-तीन डाव सराव मोडमध्ये आधीच पक्के करून ठेवा.