जर्मनीत पासपोर्ट हरवला तर: इमर्जन्सी सर्टिफिकेट की नवा पासपोर्ट?

जर्मनीत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नव्याने आलेल्या कोणाचा पासपोर्ट हरवला, की आमच्यासारख्या जुन्या रहिवाशांना पहिला फोन येतो तो भारतीय दूतावासाचे इमर्जन्सी सर्टिफिकेट किती दिवसांत मिळते, हे विचारण्यासाठी. त्यावर मी बहुतेक वेळा उलट प्रश्नच करतो: येत्या काही दिवसांत भारतात पोहोचणे आपल्याला भागच आहे का? तसे नसेल, तर हा कागद आपल्या कामाचा नाही, आणि तो घेतल्याने अडचण सुटण्याऐवजी वाढण्याचाच संभव अधिक.

नावामुळे अनेकांची फसगत होते. हा जणू तात्पुरता पासपोर्ट आहे, असे लोक समजतात. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या चौथ्या कलमात पासपोर्ट आणि इतर प्रवासपत्रे निरनिराळी सांगितली आहेत, आणि तेथे इमर्जन्सी सर्टिफिकेट म्हणजे भारतात प्रवेश करण्याची मुभा देणारे पत्र, एवढेच म्हटले आहे. म्हणजे हा एकेरी प्रवास आहे. त्याच्या आधारे पॅरिसला जाता येत नाही आणि भारतातून जर्मनीला परतताही येत नाही. सहलीला आलेले आई-वडील, घरी कोणी अत्यवस्थ असल्याने ताबडतोब निघावे लागणारा मुलगा, किंवा शिक्षण संपवून कायमचा परतणारा विद्यार्थी यांच्यासाठी ते योग्य आहे. ज्याचे घर, नोकरी आणि भाडेकरार इथे आहेत, त्याने येथूनच नव्या पासपोर्टसाठी अर्ज करावा.

सांगलीकडचा एक विद्यार्थी, कसलीही निकड नसताना, केवळ घाबरून इमर्जन्सी सर्टिफिकेटवर तीन आठवड्यांच्या सुट्टीत घरी गेला. नवा पासपोर्ट भारतात सहज मिळेल, अशी त्याची कल्पना होती. तेथे हरवलेल्या पासपोर्टची चौकशी आणि पोलीस पडताळणी यांत परतीच्या तिकिटाची तारीख उलटून गेली आणि सत्राची परीक्षा बुडाली. त्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जर्मनीबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ राहिल्यास सामान्य निवास परवाना आपोआप संपुष्टात येऊ शकतो. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना, असणाऱ्यांना ही मुदत बारा महिन्यांची आहे.

आता पहिल्या दिवसाविषयी. पासपोर्ट रेल्वेत किंवा स्थानकावर गेला असेल, तर स्थानकातील बुंडेसपोलिझाय, म्हणजे संघीय पोलीस, तक्रार घेतात. अन्यत्र जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. तेथे दोन वेगळे शब्द ऐकू येतील: 'फरलुस्ट' म्हणजे हरवणे आणि 'डीबश्टाल' म्हणजे चोरी. या दोहोंतील फरकाकडे पुष्कळ जण दुर्लक्ष करतात. आपल्याला नक्की ठाऊक नसेल, तर हरवला असेच सांगावे. चोरी म्हटल्याने काम लवकर होते, असा सल्ला देणारे हितचिंतक भेटतात, परंतु न घडलेला गुन्हा घडल्याचे भासवणे हा जर्मन दंडसंहितेनुसार स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय पोलिसांच्या कागदावर एक कारण आणि भारतीय अर्जात दुसरे, असे झाले की अर्ज परत येतो. माझ्या स्वतःच्या बाबतीत एवढा फरकही नव्हता. पोलीस कागदावर तारीख एक दिवस पुढची पडली होती आणि ती मी न वाचताच घरी आणली होती. त्या एका अंकापायी मला दोनदा रजा टाकावी लागली. तेव्हा ठाण्यातून निघण्यापूर्वी नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि घटनेची तारीख अक्षर न् अक्षर तपासावी.

पाकिटाबरोबर निवास परवान्याचे कार्डही गेले असेल, तर त्याच दिवशी ११६ ११६ या क्रमांकावर फोन करून कार्डाची ऑनलाइन ओळख सुविधा बंद करावी. बँकेची बहुतेक कार्डेही याच क्रमांकावर बंद करता येतात. पासपोर्ट हरवल्याची माहिती आउसलेंडरबेहोर्डेला, म्हणजे परकीय नागरिकांच्या कार्यालयाला, विनाविलंब देणे हे आपले कायदेशीर कर्तव्य आहे. भेटीची वेळ मिळण्याची वाट न पाहता पोलीस कागद जोडून ईमेल पाठवावा आणि त्याची प्रत जपून ठेवावी.

भारतीय बाजूचे काम कोठे करायचे, हे आपल्या नोंदणीकृत पत्त्यावरून ठरते. बर्लिनचा दूतावास आणि फ्रँकफर्ट, हाम्बुर्ग व म्युनिक येथील वाणिज्य दूतावास यांच्यात राज्यांची वाटणी आहे. त्यामुळे ड्युसेलडॉर्फच्या माणसाला फ्रँकफर्टकडे, तर लाइपझिगच्या विद्यार्थ्याला बर्लिनकडे जावे लागते. सुट्टीच्या दिवशी खरोखरच निकड उद्भवली, तर संकेतस्थळावर दिलेला आपत्कालीन दूरध्वनी वापरावा. नव्या पासपोर्टसाठी ऑनलाइन अर्ज भरताना 'री-इश्यू' हा प्रकार निवडून हरवल्याचे कारण द्यावे. पहिल्यांदाच पासपोर्ट काढत असल्यासारखा अर्ज भरू नये. घाई असल्यास तत्काळ सुविधेची चौकशी करावी.

इमर्जन्सी सर्टिफिकेट असो वा नवा पासपोर्ट, दोन्ही अर्जांत कळीचा मुद्दा एकच असतो: आपण भारतीय नागरिक आहोत आणि हा पासपोर्ट आपलाच होता, याची खात्री. जुन्या पासपोर्टची प्रत असेल, तर ती लवकर पटते. मात्र लोक केवळ छायाचित्राच्या पानाची प्रत ठेवतात. आई-वडिलांची नावे आणि फाईल क्रमांक असतो तो शेवटच्या पानावर, त्यामुळे त्याचीही प्रत हवी. व्हिसा आणि प्रवेशाचा शिक्का असलेल्या पानाचीही असावी. हे वाचणाऱ्याचा पासपोर्ट आज सुरक्षित असेल, तर ही तीन छायाचित्रे आत्ताच काढून स्वतःला आणि घरच्या एखाद्या विश्वासू माणसाला पाठवून ठेवावीत.

इमर्जन्सी सर्टिफिकेट घ्यावेच लागले, तर तिकीट थेट विमानाचे काढावे. फ्रँकफर्ट आणि म्युनिक येथून मुंबईला थेट विमाने आहेत. आखाती देशांतून जाणारे तिकीट स्वस्त दिसते, पण वाटेत विमान बदलताना हा कागद चालेल की नाही, हे विमान कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. पोलीस कागद, निवास परवाना आणि पासपोर्टच्या प्रती हातातील पिशवीत ठेवाव्यात, कारण सीमातपासणीच्या वेळी त्यांची विचारणा होऊ शकते. निवास परवान्याचे कार्डही हरवलेले असेल, तर भारतात नवा पासपोर्ट मिळाल्यावर जर्मन वकिलातीकडून पुनर्प्रवेशाचा व्हिसा घ्यावा लागतो. मुंबईत त्यांचे कार्यालय नरिमन पॉइंटला आहे. तेथून येथील आउसलेंडरबेहोर्डेकडे विचारणा होत असल्याने, आधी पाठवलेला तो ईमेल या टप्प्यावर फार उपयोगी पडतो.

नवा पासपोर्ट हाती आला तरी निवास परवान्याच्या कार्डावर जुन्याच पासपोर्टचा क्रमांक राहतो, म्हणून नव्या पासपोर्टच्या क्रमांकाचे कार्ड मागावे लागते. बँक आणि विद्यापीठ यांनाही कळवावे.

कधी कधी सगळे पार पडल्यावर जुना पासपोर्ट सापडतो. माझा चार महिन्यांनी एका फुंडब्युरोतून, म्हणजे हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयातून, परत आला. वरच्या प्लास्टिकच्या वेष्टनासह अगदी कोरा करकरीत. हरवल्याची नोंद झालेला पासपोर्ट रद्द होतो आणि त्याचा क्रमांक इंटरपोलच्या यादीत गेलेला असू शकतो, त्यामुळे त्यावर व्हिसा शिल्लक असला तरी तो घेऊन विमानतळावर जाऊ नये. मी तो वाणिज्य दूतावासात जमा केला आणि सापडल्याचे पोलिसांनाही कळवले.