कॉम्प्युटरच्या दुकानातून एएमसी आणि चिप लेव्हलकडे

आयबीएमने पीसीचा धंदा, थिंकपॅडसकट, 2005 साली लेनोव्होला विकला आणि सर्व्हिसवर भर दिला. पीसीत मार्जिन उरलं नव्हतं. नाशिकच्या दुकानदाराचा हिशेब छोटा असला तरी दुखणं तेच आहे.

आधी एएमसी (वर्षभराचा देखभालीचा करार) धरा, चिप लेव्हलचं टेबल, म्हणजे मदरबोर्डवरचे सुटे भाग दुरुस्त करण्याचं काम, नंतर. उलट केलंत तर टेबल सजतं, पण दुकानाचं भाडं निघत नाही.

मशीन न बघता एएमसीचा रेट सांगू नका. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये तेलकट धूळ हीटसिंकला चिकटते. ब्लोअरने ती निघत नाही, खोलून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसावी लागते. अर्थिंग तपासा: न्यूट्रल आणि अर्थमध्ये 3 व्होल्टच्या वर दिसलं, तर आधी इलेक्ट्रिशियन, मग करार. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे अशा मशीनची यादी वेगळी काढून पार्टीची सही घ्या.

रेट तासांवरून काढा. 20 मशीन, प्रत्येकी वर्षाला 3 कॉल, कॉलमागे जाण्यायेण्यासह दीड तास, म्हणजे 90 तास. तिमाही सर्व्हिसिंगचे 4 दिवस, म्हणजे आणखी 32. या 122 तासांचा पगार आणि पेट्रोल निघत नसेल तर काम सोडा. पहिल्या वर्षी फक्त लेबरची एएमसी घ्या. पार्टसहची घेतलीच, तर बॅटरी, अडॅप्टर, प्रिंटरचं हेड, सांडलेला चहा आणि व्होल्टेजने जळालेलं सामान कागदावर स्पष्ट वगळा. भांडणं तिथेच होतात. दिंडोरी-पिंपळगावकडच्या द्राक्ष पॅकहाऊसचं सर्व्हिसिंग डिसेंबरआधी उरका; सीझनमध्ये कोणी मशीनला हात लावू देत नाही. टॅलीच्या बॅकअपचा नुसता फोल्डर बघून जाऊ नका, दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून दाखवा.

जीएसटीत दोन खड्डे आहेत. फक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा 40 लाख; सेवा सुरू झाली की 20 लाख, आणि त्यात मालाची उलाढालही धरतात. दुसरा खड्डा ॲडव्हान्सचा. मालाच्या ॲडव्हान्सवर कर लगेच लागत नाही, सेवेच्या लागतो. 60,000 ची एएमसी वर्षभराची आगाऊ घेतली, तर 18 टक्क्यांनी 10,800 त्याच महिन्याच्या रिटर्नमध्ये.

चिप लेव्हलसाठी मायक्रोस्कोप, हॉट एअर, मल्टिमीटर, 30 व्होल्ट 5 अँपिअरचा डीसी सप्लाय, फ्लक्स आणि बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरची) चिप वाचणारा-लिहिणारा प्रोग्रामर पुरे. बीजीए मशीन (मोठ्या चिप काढून बसवायचं यंत्र) पहिल्या वर्षी नको. लॅपटॉप डेड असेल तर बॅटरी काढा, जॅकवर 19 व्होल्ट बघा, मग मॉस्फेटच्या (करंट चालू-बंद करणाऱ्या भागाच्या) पुढे, मग 3.3 आणि 5 व्होल्टच्या कॉइल. 19 व्होल्टची मेन लाइन शॉर्ट असेल तर करंट मर्यादित ठेवून 1 व्होल्ट द्या आणि बोर्डावर आयपीए टाका; जिथे ते आधी उडतं, तिथला कपॅसिटर बहुतेक वेळा दोषी. सीपीयूच्या कॉइलवर मात्र दोन-तीन ओहम दिसले म्हणून शॉर्ट समजू नका, तिथे रेझिस्टन्स मुळातच कमी असतो.

बायोस दोनदा रीड करून दोन्ही फाइल जुळवा आणि मूळ फाइल जपा, सीरियल नंबर तिच्यातच असतो. काही चिप 1.8 व्होल्टच्या असतात. 1.8 व्होल्टचा अडॅप्टर मध्ये न लावता प्रोग्रामर जोडला की जळतात.