अमेरिकेतील ऑफिसात नव्याने रुजू होताना: कृष्णवर्णीय सहकारी स्त्रियांविषयी काही आवश्यक गोष्टी

अटलांटाच्या उत्तरेकडील अल्फारेटा आणि जॉन्स क्रीक या उपनगरांत सतत नवी मराठी कुटुंबे येत असतात. त्यांना बँकेचे खाते, वाहन परवाना आणि मुलांची शाळा यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ जण भेटतात. परंतु ज्या ऑफिसात ते रुजू होणार असतात, तेथील कृष्णवर्णीय सहकारी स्त्रीला हा देश कसा वागवतो, याविषयी सहसा कोणी बोलत नाही. उलट, ‘त्यांच्यापासून जरा जपून राहा’ असे पहिल्याच आठवड्यात सांगणारी आपलीच माणसे असतात. तो सल्ला मनावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी अनेक वर्षे येथे नोकरी केली आहे आणि मला घडवणाऱ्या वरिष्ठांमध्ये कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या, म्हणून हे लिहिणे मला माझे काम वाटते.

आपण येथे कसे येऊ शकलो, ते आधी पाहू. 1946 च्या कायद्याने भारतीयांना वर्षाकाठी जेमतेम 100 जणांचा कोटा दिला होता. राष्ट्रनिहाय कोट्याची ती पद्धत 1965 च्या इमिग्रेशन कायद्याने मोडीत काढली आणि नागरी हक्कांच्या ज्या चळवळीने त्या कायद्यासाठी जमीन तयार केली, तिचा मोठा भार स्त्रियांनी वाहिला होता. 1955 च्या डिसेंबरात अलाबामातील माँटगोमेरी येथे बसमधील जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिल्याने रोझा पार्क्स यांना अटक झाली, त्या रात्री जागून बसवरील बहिष्काराची हजारो पत्रके छापली ती जो ॲन रॉबिन्सन या कॉलेजातील प्राध्यापिकेने. ऑफिसातील लैंगिक छळ हा नोकरीतील भेदभावच ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली मान्य केले, तेही मिशेल विन्सन या बँकेत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या खटल्यात. आज आपल्या मुली येथील ऑफिसांत ज्या नियमांच्या आधाराने निर्धास्त वावरतात, त्यांतील कितीतरी नियम या स्त्रियांनी झगडून मिळवलेले आहेत.

या स्त्रियांची अडचण दुहेरी आहे आणि कायद्यालाही ती बराच काळ दिसली नाही. सेंट लुई येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यातून सेवाज्येष्ठतेच्या नियमाने कपात झालेल्या एमा डीग्राफेनरीड आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी दावा लावला, तेव्हा 1964 पूर्वी कंपनीने कृष्णवर्णीय स्त्रियांना घेतलेच नव्हते, असे पुढे आले. साहजिकच ज्येष्ठतेच्या यादीत त्या तळाशी होत्या. तरीही 1976 साली न्यायालयाने वंश आणि लिंग या दोन्ही गोष्टींचा एकत्रित विचार करण्यास नकार दिला, कारण कंपनीने स्त्रिया घेतल्या होत्या, मात्र त्या गोऱ्या होत्या. याच खटल्याचा आधार घेऊन किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासिकेने 1989 साली वंश आणि लिंग यांच्या छेदबिंदूवर उभ्या असलेल्या स्त्रीचा वेगळा विचार करण्याची मांडणी केली.

रोजच्या कामात हे कसे दिसते? एखाद्या मीटिंगमध्ये गोऱ्या मॅनेजरने आवाज चढवला तर त्याला कामाची तळमळ आहे असे म्हटले जाते. तेच वाक्य त्याच स्वरात कृष्णवर्णीय स्त्रीने उच्चारले तर ती ‘ॲग्रेसिव्ह’ ठरते आणि तो शब्द तिच्या वार्षिक मूल्यमापनात लिहिला जातो. त्यामुळे अनेक जणी बोलण्यापूर्वी वाक्य मनात तोलतात, राग आला तरी हसून बोलतात आणि घरची बोली दाराबाहेर ठेवून येतात. हा अखंड सावधपणा किती थकवणारा असतो, हे शेजारी बसणाऱ्याला कळत नाही. ‘तुमचे इंग्रजी फार सुरेख आहे’ हे वाक्य आपण कौतुकाने म्हणाल, पण जिचा जन्म येथील आणि जिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजीच बोलली गेली, तिला त्यातून काय ऐकू येईल याचा विचार करावा. आपल्याला तरी ते ऐकताना कोठे बरे वाटते? तसेच मीटिंगमध्ये तिने मांडलेली कल्पना थोड्या वेळाने दुसऱ्याच्या नावावर जमा होताना दिसली, तर ‘हे त्यांनी मघाशीच सांगितले होते’ एवढे शांतपणे म्हणावे. नव्या माणसालाही ते शक्य असते.

केसांचा विषय आपल्याला किरकोळ वाटण्याची शक्यता आहे. तसे मुळीच नाही. अलाबामा येथील चॅस्टिटी जोन्स यांना 2010 साली फोनवरून ग्राहकसेवा देण्याची नोकरी देऊ केली गेली होती. ड्रेडलॉक्स (केसांच्या गुंफलेल्या बटा) कापण्यास नकार दिल्यावर ती काढून घेण्यात आली, आणि आपल्याच अटलांटात मुख्यालय असलेल्या अकराव्या सर्किटच्या (म्हणजे विभागाच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने 2016 साली कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण केशरचना बदलता येते असे न्यायालयाचे म्हणणे होते. त्यानंतर 2019 पासून कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि पुढे टेक्सास अशा अनेक राज्यांनी नैसर्गिक केसांना संरक्षण देणारा क्राउन ॲक्ट केला. सहकाऱ्याच्या वेण्यांना कुतूहलाने हात लावणे, परवानगी मागूनसुद्धा, टाळावे. केसांची पद्धत बदलली म्हणून सर्वांसमोर चर्चाही करू नये.

ऑफिसाबाहेरचे चित्र वेगळे नाही. पूर्णवेळ काम करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीला गोऱ्या पुरुषाच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांश मिळकत होते. त्याहून गंभीर गोष्ट बाळंतपणाची आहे: सरकारी आकडेवारीनुसार 2023 साली दर एक लाख जन्मांमागे मातामृत्यू गोऱ्या स्त्रियांमध्ये 14.5, तर कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये 50.3 होते. शिक्षण आणि पैसा असूनही हा धोका पुरता टळत नाही. सेरेना विल्यम्स यांना 2017 मध्ये बाळंतपणानंतर फुप्फुसात रक्ताची गाठ झाली, तेव्हा आपल्याला काय होत आहे हे त्यांना स्वतःला परिचारिकेला पटवून द्यावे लागले. म्हणून एखादी सहकारी स्त्री दवाखान्यात, दुकानात किंवा रस्त्यावर आलेला अनुभव सांगू लागली, तर ‘तसे नसेल, तुमचा गैरसमज झाला असेल’ असे म्हणू नये. तिला तिच्या देशाची ओळख आपल्यापेक्षा अधिक आहे.

घर शोधताना ‘एरिया चांगला आहे का, तेथे कोण लोक राहतात’ असा प्रश्न आपण एजंटाला सहज विचारतो. वस्तीच्या वंशावरून ग्राहकाला एखाद्या भागाकडे वळवण्यास 1968 च्या फेअर हाउसिंग ॲक्टने मनाई केली असल्याने एजंट याचे उत्तर देत नाही, आणि तो प्रश्न मुळात विचारूच नये.

आपल्या घरांतील बोलण्याकडेही पाहणे भाग आहे. गोऱ्या रंगाचे कौतुक आपण देशातून बरोबर आणतो आणि ‘कल्लू’ यांसारखे शब्द मुलांसमोर सर्रास वापरतो. जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले, बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 साली येथील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातील साम्य सांगितले, आणि 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती कृष्णवर्णीयांच्या येथील ब्लॅक पँथर या संघटनेकडे पाहून. असा वारसा असलेल्या भाषेत तसले शब्द मला सहन होत नाहीत. इंग्रजी गाण्यांतील ‘एन’ने सुरू होणारा, कृष्णवर्णीयांना हिणवणारा शब्द गाणे गुणगुणतानाही उच्चारू नये, हे मुलांना शाळेच्या पहिल्या दिवसाआधी सांगावे.

शेवटची बाब साक्षीची. व्हिसावर असलेल्या माणसाला ‘आपण यात पडू नये’ असे वाटते आणि त्या भीतीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही; पण 1964 च्या नागरी हक्क कायद्याचे, नोकरीतील भेदभावाला मनाई करणारे सातवे प्रकरण 15 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू होते, परदेशी नागरिकांनाही त्याचे संरक्षण आहे, आणि भेदभावाच्या चौकशीत साक्ष देणाऱ्यावर सूड उगवणे त्याच कायद्याने बेकायदेशीर ठरते. समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत राज्यानुसार 180 किंवा 300 दिवसांची असते, त्यामुळे डोळ्यांसमोर काही घडले तर तारीख, वेळ, उपस्थित माणसे आणि उच्चारले गेलेले शब्द त्याच संध्याकाळी स्वतःच्या वहीत लिहून ठेवावेत. मग त्या सहकारी स्त्रीला एकांतात गाठून, ‘मी हे पाहिले आहे, तुम्हाला गरज वाटली तर मी सांगेन’ असे कळवावे, आणि पुढे काय करायचे याचा निर्णय तिच्यावर सोपवावा.