कांदा चाळीचं खुलं आव्हान जाहीर करण्याआधीची तयारी

नाशिकसारख्या जिल्ह्यात कांदा चाळीतल्या, म्हणजे हवेशीर शेडमधल्या, साठवणुकीवर खुलं आव्हान काढायचं ठरलं, म्हणजे 'कल्पना कुणीही पाठवा' असं जाहीर करायचं ठरलं, की पहिली बैठक पोस्टरवर होते. पोस्टर शेवटी करा. कोण येणार आणि कोण गळणार, हे प्रश्नाची भाषा, तारीख, अर्ज आणि बक्षिसाची रचना यांवर त्याआधीच ठरून गेलेलं असतं. जाहीर करण्याआधी किमान दहा आठवडे हातात ठेवा.

प्रश्न आधी लिहून काढा. 'काढणीपश्चात नुकसान कमी करण्यासाठी सेन्सर-आधारित उपाय' असं लिहिलं की इंजिनिअरिंग कॉलेजं येतील, बाकी कुणी नाही. त्याऐवजी असं लिहा: 'चाळीत ठेवलेला उन्हाळ कांदा सडतो, त्याला कोंब येतात, वजन घटतं. आतला सडका कांदा बाहेरून दिसत नाही आणि शेजारचे घेऊन जातो. शंभर किलोंतले जास्त किलो विकण्याजोगे राहतील असं काय करता येईल?' उपाय यंत्राचा, बांधकामाचा की कामाच्या पद्धतीचा, हे प्रश्नात येऊ देऊ नका. खर्चाची मर्यादा मात्र घाला. मसुदा चाळीवर निवडीला, म्हणजे सडका कांदा वेगळा काढायला, बसलेल्या चार बायकांना वाचून दाखवा. जिथे त्या 'म्हणजे काय?' विचारतील तो शब्द काढा.

मग कॅलेंडर. मार्चअखेर ते मे उन्हाळ कांद्याची काढणी असते. त्याआधी द्राक्षांचा हंगाम, आणि सुरगाणा-पेठकडची मजूर कुटुंबं निफाड-दिंडोरीच्या बागांवर असतात. जून-जुलै पेरणी. ऑक्टोबरात मका-सोयाबीन काढायला येतं. म्हणून जाहिरात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आणि मुदत सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ठेवावी. पावसाळ्यात चाळ उघडली की सड डोळ्यांसमोर असते, माणसं त्यावर बोलतही असतात. मुदत सहा आठवड्यांहून कमी नको. तीन आठवड्यांत फक्त आधीच तयार बसलेल्यांचे अर्ज येतात. पोळा, गणपती आणि गावागावाचे आठवडे बाजार आधीच तक्त्यावर मांडा. शेतीची वीज रात्री असेल त्या आठवड्यात सकाळी नऊची सभा लावू नका, माणूस रात्रभर पाण्यावर असतो.

'विविध सहभागी' हा शब्द कामाचा नाही, माणसांचे गट लिहा. निवड करणाऱ्या महिला, बाजार समितीतले हमाल-मापारी, चाळ बांधणारे सुतार आणि वेल्डर, वाट्याने शेती करणारे, आयटीआयची मुलं, दिव्यांग व्यक्ती, आदिवासी तालुक्यांतले मजूर. प्रत्येक गटापुढे तीन रकाने: ही माणसं कुणाचं ऐकतात, कुठे आणि किती वाजता भेटतात, किमान किती अर्ज हवेत. सहायक कृषी अधिकाऱ्याच्या (पूर्वीचे कृषी सहायक) व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश टाकला की काम झालं असं वाटतं, पण त्या ग्रुपात बहुतेक सातबारा असलेले पुरुषच असतात. महिलांसाठी उमेद या बचत गटांच्या सरकारी अभियानाचे प्रभाग संघ आणि माविमची (महिला आर्थिक विकास महामंडळाची) लोकसंचालित साधन केंद्रं, हमालांसाठी त्यांची संघटना, वेल्डरसाठी लोखंड-पत्र्याचं दुकान. आशाताईंच्या अंगावर हे काम टाकू नका, त्यांच्याकडे आधीच पुरेसं आहे. बचत गटातली जी ताई माहितीची सभा घेईल तिला सभेमागे मानधन द्या, आणि ते लगेच द्या. फुकटात मागितलं तर सभा कागदावर होते.

अर्जात सातबारा मागू नका. चाळीत राबणाऱ्या बाईचं नाव त्यावर बहुधा नसतंच. जीएसटी, स्टार्टअप नोंदणी, शैक्षणिक पात्रता हेही नको. एचएमटी भाताचं वाण निवडणारे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले होते. पदवीच्या रकान्यावरच अडवलं असतं तर तिथेच संपलं असतं. प्रश्न पाचच ठेवा: अडचण काय पाहिली, काय करून पाहिलं, काय झालं, खर्च किती, आता काय हवं. उत्तर कागदावर चालेल, तीन मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये चालेल, डांगी-कोकणी या इथल्या आदिवासी बोलींतही चालेल. कार्यालयातल्या श्री-लिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमधून मजकूर थेट ऑनलाइन अर्जात चिकटवला तर अक्षरांचा लगदा होतो, तो युनिकोडमध्येच टाइप करा. गूगल फॉर्ममध्ये फाइल जोडण्याचा प्रश्न घातला तर जीमेल लॉगिन लागतं, आणि निम्मी माणसं तिथेच थांबतात. सूचना फक्त चित्र म्हणून पाठवू नका. दृष्टिहीन व्यक्तीचा स्क्रीन रीडर चित्रातली अक्षरं सहसा वाचत नाही, सोबत साधा मजकूर जोडा.

व्हॉइस नोट घ्यायच्या तर त्या उतरवायला माणूस आत्ताच नेमा. ऐकणं, लिहिणं, पुन्हा फोन करून खात्री करणं याला नोटमागे वीस मिनिटं धरा. दोनशे नोट म्हणजे एका माणसाचे नऊ-दहा पूर्ण दिवस. हे काम हमखास विसरलं जातं, आणि मग परीक्षकांसमोर टाइप केलेले अर्जच जातात.

एसएमएस पाठवणार असाल तर डीएलटीवर, म्हणजे एकगठ्ठा संदेशांसाठीच्या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, प्रेषकाचं नाव आणि मजकुराचा साचा नोंदवून मंजूर व्हावा लागतो. ते पहिल्याच आठवड्यात सुरू करा. मराठी संदेशात एका एसएमएसला ७० अक्षरं मिळतात आणि काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजले जातात. 'कांदा' या दोन अक्षरांचे पाच होतात. मर्यादा ओलांडली की संदेश ६७-६७ चे तुकडे होऊन जातो आणि बिल दुप्पट येतं. घरात फोन एकच असतो आणि तो मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात असतो, म्हणून ओटीपीवर चालणारी नोंदणी ठेवू नका आणि फोन करायची सोयीची वेळ अर्जातच विचारा.

अर्ज उघडण्याआधी पाच जणांकडून तो भरून घ्या. स्वस्त अँड्रॉइड फोनवर, उन्हात, तुमच्या मदतीशिवाय. माणूस अडला की समजावून सांगायचा मोह होतो. तोंड बंद ठेवा आणि कुठे अडला ते लिहून घ्या.

हक्कांची बाजू इथेच निस्तरा. पेटंटचा अर्ज करण्याआधी कल्पना जाहीर झाली तर नवेपणा जातो. म्हणून अर्ज ग्रुपवर नव्हे, एका स्वतंत्र नंबरवर घ्या आणि परीक्षकांकडून गोपनीयतेची सही घ्या. वैयक्तिक अर्जदाराला तात्पुरत्या पेटंट अर्जाचं ऑनलाइन शुल्क १६०० रुपये आहे, पूर्ण तपशील बारा महिन्यांत द्यावा लागतो. निवडलेल्यांचं हे शुल्क बजेटमध्ये धरा. पात झाकून कांदा वाळवण्यासारखं परंपरेतलं ज्ञान पेटंटयोग्य नाही, तिथे खोटी आशा लावू नका. नावाची नोंद मात्र करा. बचत गटाचा अर्ज असेल तर सगळ्या सदस्यांची नावं लिहून घ्या, नाहीतर पुढच्या टप्प्यावर अध्यक्षांचे यजमानच बोलायला उभे राहतात.

पाच लाखांचं एकच बक्षीस ठेवण्यापेक्षा वीस जणांना पंधरा-पंधरा हजार करून पाहायला द्या आणि उरलेल्या दोन लाखांत दोघांना एकेक लाख. ज्याच्या हाताशी भांडवल नाही तो आधी नमुना बनवून आणूच शकत नाही. पैसे पाठवण्याआधी खातं तपासा: दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, आणि कागदपत्रांत सवलत घेऊन उघडलेल्या 'लहान खात्या'त शिल्लक ५० हजारांपुढे चालत नाही. लाखाचं बक्षीस तिथेच अडकतं.

छाननीत नाव, गाव, कॉलेज झाकून अर्ज द्या. सादरीकरणाला शून्य गुण. परीक्षकांत स्वतः चाळ सांभाळलेला एक आणि निवडीचं काम केलेली एक बाई असावी. अंतिम फेरीला पीपीटी नको, कांद्याचा ढीग असू द्या. येणाऱ्याला एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज त्याच दिवशी रोख द्या; महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, पण रोज बुडतोच. सांकेतिक भाषेचा दुभाषी लागणार असेल तर दोन बोलवा, तासाहून जास्त काम एकट्याला झेपत नाही. स्वच्छतागृह, रॅम्प आणि लेकरांसाठी एक खोली आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहा.

मुदत चालू असताना दर सोमवारी गटवार आकडे मांडा. तिसऱ्या सोमवारी एखाद्या गटापुढे शून्य असेल तर तिथे माणूस पाठवा. सगळ्यांची मुदत वाढवून उपयोग नाही, वाढीव दिवसांत पुन्हा तीच कॉलेजं येतात. निवड न झालेल्यांना पंधरा दिवसांत फोन करून एका वाक्यात कारण सांगा. आणि पोस्टरवरचा नंबर किमान वर्षभर चालू ठेवा. पोस्टर भिंतीवरून कुणी काढत नाही, फोन पुढच्या उन्हाळ्यातही येतात. रिचार्जची तारीख आत्ताच वहीत लिहा.